आधीची बहिणाबाई

बहिणाबाई म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकींच्या डोळ्यांसमोर खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी उभ्या राहतात. डोक्यावर पदर, हातात जात्याचा खुंटा आणि ओठांवर गाणं. शाळेच्या पुस्तकात त्या भेटल्या, रेडिओवर त्यांची गाणी ऐकली, त्यामुळं ते साहजिकच आहे. पण मैत्रिणींनो, त्यांच्याही अडीचशे वर्षं आधी महाराष्ट्रात आणखी एक बहिणाबाई होऊन गेली. तीही कवयित्रीच. तुकाराम महाराजांची शिष्या आणि शिवाजी महाराजांहून वयानं दोनेक वर्षांनी मोठी. संतमंडळींना आपण लाडानं एकेरी हाक मारतो, ज्ञानोबा-तुकोबा म्हणतो, मुक्ताई-जनाई म्हणतो. तशी हीसुद्धा आपली बहिणाच. म्हणून मीही तिला एकेरीच संबोधणार आहे.

आमच्या बाभुळगावात एकादशीला बायकांचं भजन असतं. त्यात एक अभंग हमखास होतो. वारकरी पंथ म्हणजे एक मंदिर, अशी कल्पना करून त्याच्या पायापासून कळसापर्यंत कोणत्या संताचा कुठं हात लागला ते सांगणारा. टाळ धरणाऱ्या सगळ्याजणींना तो तोंडपाठ आहे. पण हा अभंग कुणाचा, असं विचारलं की कुणी तुकारामांचा म्हणतं, कुणी नामदेवांचा. शेवटी बहिणाबाईचं नाव येतं खरं, पण तोवर टाळांचा गजर इतका वाढलेला असतो की नावाकडं कुणाचं लक्ष नसतं. गाणं सगळ्यांना माहीत आणि गाणारी कुणालाच नाही, असं तिचं झालंय. म्हणून आज तिचीच गोष्ट सांगते.

आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात देवगाव रंगारी नावाचं गाव आहे. वेरूळ तिथून जवळच. या देवगावात १६२८ साली आऊदेव कुलकर्णी आणि जानकी या जोडप्याच्या पोटी बहिणा जन्मली. बरेच नवससायास करून झालेली ही लेक, म्हणून लाडाची. तो काळ फार कठीण होता. ती दोन वर्षांची असताना, १६३० साली, महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. तुकोबांची पहिली बायको अन्नाविना गेली ती याच दुष्काळात.

बहिणा तीन वर्षांची झाली आणि तिचं लग्न लागलं. नवरा तीस वर्षांचा होता, शिवपूरच्या पाठक घराण्यातला बिजवर. वेद शिकलेला, भिक्षुकी करणारा आणि स्वभावानं तापट. तीन वर्षांच्या मुलीला लग्न म्हणजे काय हे कळणार तरी कसं? तिच्यासाठी तो एक खेळच असणार. पुढं ती नऊ वर्षांची असताना वडिलांच्या मागं भाऊबंदकी आणि कर्जाच्या कटकटी लागल्या, आणि सगळं कुटुंब जावयासकट रातोरात गाव सोडून निघालं. भिक्षा मागत, मिळेल ते खात, मिळेल तिथं मुक्काम करत ही माणसं पंढरपूरला गेली. तिथून शिखर शिंगणापूर, रहिमतपूर असं करत करत शेवटी कोल्हापूरला पोचली. एका ब्राह्मणानं त्यांना घरात आसरा दिला. बहिणा तेव्हा अकरा वर्षांची होती.

कोल्हापुरात कथा-कीर्तनांची रेलचेल होती. जयरामस्वामींची कीर्तनं ऐकायला सगळं गाव लोटायचं, आणि त्या कीर्तनांत देहूच्या एका वाण्याचे अभंग गायले जायचे. देहू ते कोल्हापूर म्हणजे तेव्हा कितीतरी दिवसांची पायपीट. छापखाना नाही, टपाल नाही. तुकोबा अजून हयात होते, त्यांच्या वह्या देहूला त्यांच्या घरी होत्या, आणि त्यांचे शब्द मात्र या तोंडातून त्या तोंडात असे प्रवास करत कोल्हापुरातल्या एका अकरा वर्षांच्या मुलीच्या कानावर येऊन पडले होते. तिनं ते पाठ केले आणि मनातल्या मनात त्या न पाहिलेल्या माणसाला आपला गुरू मानलं.

त्याच सुमाराला त्यांच्या दारात एक कपिला गाय आली. ती व्याली आणि काळंभोर वासरू झालं. त्या वासराचा बहिणेला असा काही लळा लागला की ते तिच्या हातूनच पाणी पिणार, तिच्या मागंमागंच फिरणार. ती पाण्याला निघाली की तिच्या मागं, कीर्तनाला निघाली की तिथंही. एका एकादशीला कीर्तनात फार गर्दी झाली म्हणून लोकांनी वासराला बाहेर हाकललं. ते बाहेर हंबरायला लागलं आणि आत ही पोर रडायला लागली. जयरामस्वामींना हे कळल्यावर त्यांनी वासराला आत आणवलं आणि दोघांच्याही डोक्यावरून हात फिरवला. झालं इतकंच.

पण गावाला बोलायला विषय मिळाला. कुणीतरी ही बातमी तिच्या नवऱ्यापर्यंत पोचवली. त्यानं तिला वेणीला धरून ओढलं, मारलं, बांधून घातलं. गोठ्यातल्या गायीनं आणि वासरानं वैरण तोंडात घेतली नाही. आईबाप मधे पडले, पण जावयापुढं त्यांचं काही चालेना. पुढं ते वासरू मेलं आणि बहिणा बेशुद्ध पडली. त्या गुंगीत तिला तुकोबा दिसले, त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि मंत्र दिला, असं ती सांगते.

मैत्रिणींनो, हे सगळं कुठल्या चरित्रकारानं नंतर रचलेलं नाही. बहिणेनं हे स्वतःच अभंगांत सांगून ठेवलंय. तिच्या गाथेच्या सुरुवातीचे शंभरावर अभंग म्हणजे तिचं आत्मचरित्र आहे. मराठी बाईनं स्वतःच्या तोंडून सांगितलेल्या आयुष्याची इतकी जुनी आणि इतकी सविस्तर हकिगत दुसरी क्वचितच सापडेल. मी मराठी साहित्य घेऊन बी. ए. केलं. तेव्हा परीक्षेपुरतं तिचं नाव, गाव आणि गुरू एवढं पाठ केलं होतं. अख्खी गाथा वाचली ती पुढं कितीतरी वर्षांनी, बचत गटांच्या कामासाठी तालुक्यात फिरायला लागल्यावर. आणि मग तो मारहाणीचा भाग वाचताना मी पुस्तक मिटून बसून राहिले.

कारण मला रोज वेगळंच ऐकायची सवय आहे. गटाच्या बैठकीला एखादी बाई येते. डोळ्याखाली काळंनिळं असतं, मनगट सुजलेलं असतं. काय झालं म्हणून विचारलं तर ती सांगते, न्हाणीत पाय घसरला. दुसरी सांगते, चौकट लागली. तिसरी म्हणते, म्हशीनं डोकं मारलं. आम्हा सगळ्याजणींना खरं काय ते ठाऊक असतं आणि आम्ही सगळ्याजणी मान डोलावतो. सोबतच्या बायका तिला हळद लाव म्हणतात आणि हप्त्याचा हिशोब पुढं सुरू होतो. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, घरची गोष्ट उंबऱ्याबाहेर न्यायची नाही, हे आपल्या अंगात इतकं मुरलंय. आणि इथं ही साडेतीनशे वर्षांपूर्वीची बाई सरळ सांगते की मला नवऱ्यानं मारलं, असं मारलं, या कारणानं मारलं. पाय घसरला असं ती म्हणत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. जयरामस्वामी तिच्या नवऱ्याला समजावायला स्वतः आले. हा घरचा मामला आहे, आपण कशाला पडा मधे, असं त्यांनी म्हटलं नाही. तेव्हा ना कायदा होता, ना पोलिस ठाणं. आज कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आहे आणि तो २००६ पासून लागू आहे. पण कायद्यापर्यंत पोचायच्या आधी शेजारच्या एका माणसानं दार वाजवणं फार गरजेचं असतं. कामात हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

आता पुढची गोष्ट. बहिणेला दृष्टान्त झाला, हे कळल्यावर लोक तिला बघायला येऊ लागले. याचा नवऱ्याला जास्तच संताप आला. एक तर बायकोचं कौतुक चाललंय, आणि तिचा गुरू कोण, तर शूद्र! आपण वेद म्हणणारे ब्राह्मण आणि आपल्या बायकोनं एका वाण्याच्या पायावर डोकं ठेवावं? तिला माहेरच्या माणसांच्या हवाली करून आपण तीर्थयात्रेला निघून जायचं, असं त्यानं ठरवलं. ती तेव्हा तीन महिन्यांची गरोदर होती. त्याचं निघायचं ठरलं आणि नेमका तो तापानं अंथरुणाला खिळला. महिनाभर बहिणेनं दिवसरात्र त्याची सेवा केली. त्या आजारपणात त्याचं मन पालटलं. बरा झाल्यावर तो स्वतःच तिला घेऊन देहूला निघाला.

इथं मी थोडं थांबणार आहे. कारण आपल्याकडं ही गोष्ट सांगितली जाते ती अशी, की बघा, बायकोनं सोसलं, सेवा केली आणि नवरा सुधारला. मग हेच उदाहरण सासरी त्रास सोसणाऱ्या पोरींना दिलं जातं. आणि खरं सांगायचं तर बहिणेनंही पतिव्रतेच्या धर्मावर अभंग लिहिलेत. नवरा हाच देव, त्याची सेवा हाच परमार्थ, अशा अर्थाचे. ते वाचताना मला त्रास होतो. पण ते बाजूला काढून तिची गोष्ट सांगितली तर ती अर्धवट होईल. तिच्यापुढं वाट तरी कोणती होती? माहेर तिच्याबरोबरच उघड्यावर, हातात पैसा नाही, पोटात मूल, आणि टाकलेल्या बाईला त्या काळी कुठं थारा नव्हता.

तरी तिनं एक गोष्ट सोडली नाही. नवऱ्याची सेवा केली, पण गुरू बदलला नाही. वेद-पुराणं बाईला परमार्थाचा अधिकार नाकारतात, मग बाईचा देह घेऊन जन्मलेल्या मी करायचं तरी काय, हा प्रश्न तिनं रोखठोक विचारला. आणि पुढं वज्रसूची हा जुना संस्कृत ग्रंथ अभंगांत आणला. ब्राह्मण कुणाला म्हणायचं, हा त्या ग्रंथातला मुख्य प्रश्न आहे. जन्मानं ब्राह्मण ठरतो का, देहानं, जातीनं की विद्येनं, असं एकेक तपासून ज्याला ब्रह्म कळलं तोच ब्राह्मण, अशा निष्कर्षाला तो पोचतो. वेदांच्या पठणावर पोट भरणाऱ्या नवऱ्याच्या घरात बसून एका बाईनं हा ग्रंथ मराठीत आणला! तेव्हा तिला फक्त सोशिक म्हणणं मला पटत नाही. तिचं सोसणं आणि तिचं बोलणं, दोन्ही एकाच गाथेत आहेत. कीर्तनात कोणतं सांगायचं नि मुलीला कोणतं शिकवायचं, हे शेवटी आपण ठरवतो.

देहूला तिनं तुकोबांना प्रत्यक्ष पाहिलं. त्यांची कीर्तनं ऐकली. ही साधी गोष्ट नाही बरं का. तुकोबांबद्दल पुढं पुष्कळांनी लिहिलं, पण त्यांना डोळ्यांनी पाहून, त्यांच्या गावात राहून लिहिणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. त्यात ही एक बाई आहे. तुकोबांचा द्वेष करणाऱ्या मंबाजी गोसाव्यानं या कुटुंबालाही छळलं. आपलंच शिष्यत्व घ्या म्हणून तो मागं लागला. त्यानं त्यांची गाय बांधून तिला मारलं आणि त्या माराचे वळ तुकोबांच्या पाठीवर उमटले, अशी आठवण बहिणा सांगते. चमत्कार म्हणून तो कुणी मानो न मानो, त्यामागचा छळ खरा होता.

देहूलाच तिला मुलगी झाली. तिचं नाव काशी. पुढं मुलगा झाला, तो विठ्ठल. १६५० साली तुकोबा गेले. नंतर बहिणेचं कुटुंब वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला स्थिरावलं आणि तिचं उरलेलं आयुष्य तिथंच गेलं. तिची समाधीही शिऊरलाच आहे. संसार केला, मुलं वाढवली, लोकांना उपदेश केला, अभंग रचले. १७०० साली, बहात्तर वर्षांची असताना, आपला शेवट जवळ आला हे तिला जाणवलं. मुलगा तेव्हा आपल्या बायकोचे दिवस करायला परगावी गेला होता. तिनं त्याला निरोप धाडून बोलावून घेतलं आणि जवळ बसवून आपले आधीचे बारा जन्म सांगितले. हा तेरावा आणि हाच शेवटचा, असं ती म्हणाली. गाथेतला हा आई-मुलाचा भाग फार हृद्य आहे. मरणाची भीती त्यात कुठंच नाही. दूरच्या प्रवासाला निघालेल्या बाईनं घरच्यांना किल्ल्या कुठं आहेत, कुणाचं काय द्यायचंय ते शांतपणे सांगून ठेवावं, तसं ते वाटतं.

ती गेली. पण तिचे शब्द आपल्यापर्यंत आले कसे? मला सगळ्यात नवल वाटतं ते याचंच.

तुकोबांच्या गाथेची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. ती इंद्रायणीत बुडवली, ती तरली, आणि संताजी जगनाड्यांसारख्यांनी अभंग लिहून ठेवले. इंग्रजांच्या काळात तर सरकारी मदतीनं तिची मोठी छापील आवृत्ती निघाली. बहिणेच्या अभंगांना असं कुणी वाली नव्हतं. दोनशे वर्षांहून जास्त काळ ते हस्तलिखित बाडांत राहिले. कागद जुना होतो, वाळवी लागते, पावसात घर गळतं, वाटण्या होतात आणि जुनी बाडं कुणाच्याच वाट्याला येत नाहीत. तरी ते टिकले, कारण कुणीतरी पिढ्यान् पिढ्या ते कापडात बांधून जपले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धोंडो विनायक उमरखाने यांनी तिची गाथा छापली. १९२९ साली जस्टिन ॲबट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यानं तिच्या आत्मचरित्राचं नि अभंगांचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं. आणि १९९१ साली सुसी थारू आणि के. ललिता यांनी भारतीय स्त्रियांच्या लेखनाचा मोठा इंग्रजी संग्रह काढला, त्यात थेरी गाथेतल्या बौद्ध भिक्षुणींच्या पंगतीला आपली बहिणाही बसली. कोल्हापुरात एका मुलीला वेणीला धरून मारलं होतं, ही गोष्ट आज जगभरच्या विद्यापीठांत वाचता येते.

हे फक्त आपल्याकडंच असं घडतं असं समजू नका. बहिणेच्याच काळात इंग्लंडमध्ये हेस्टर पुल्टर नावाची बाई होती. १६०५ चा जन्म, १६७८ साली गेली. चांगल्या खात्यापित्या घरची, पण एका आडबाजूच्या घरात अडकून पडलेली. तिला पंधरा मुलं झाली आणि त्यातली बहुतेक तिच्या डोळ्यांदेखत गेली. बाळंतपणाच्या खोलीत पडल्यापडल्या ती कविता करायची. आकाशातल्या ग्रहताऱ्यांवर लिहायची, वारलेल्या जेन नावाच्या लेकीवर लिहायची. शंभरावर कविता तिनं वहीत उतरवून ठेवल्या. तिच्या काळातल्या पुरुष कवींच्या कविता एका संग्रहातून दुसऱ्या संग्रहात जात राहिल्या, शाळेच्या पुस्तकांत आल्या, त्यातल्या काही आपणही कॉलेजात इंग्रजीच्या तासाला शिकलो. पुल्टरची वही मात्र लीड्स विद्यापीठाच्या ग्रंथालयात कुणाच्या नजरेत न भरता पडून होती. १९९६ साली ती एका अभ्यासकाला गवसली आणि २०१४ साली ते सगळं लेखन छापलं गेलं. सव्वातीनशे वर्षांहून जास्त काळ गेला! अमेरिकेत जाऊन राहिलेली अॅन ब्रॅडस्ट्रीट त्या मानानं नशीबवान. तिच्या बहिणीच्या नवऱ्यानं तिच्या कविता लंडनला नेल्या आणि १६५० साली, म्हणजे तुकोबा गेले त्याच वर्षी, त्या छापून आल्या.

आपल्याकडच्या बायकांचंही बघा. मराठीतली आद्य कवयित्री महदंबा आपल्या विदर्भाशी जोडलेली. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर, जिथं आता मराठी भाषा विद्यापीठ झालंय, त्याच रिद्धपुरात तेराव्या शतकात तिनं धवळे गायले. ते महानुभावांच्या मठांतल्या सांकेतिक लिपीतल्या पोथ्यांनी राखले. जनाबाईचे अभंग नामदेवांच्या गाथेबरोबर आपल्यापर्यंत आले. आणि बहिणाबाई चौधरी? त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि आप्तांपैकी पितांबर चौधरी यांनी गाणी टिपून ठेवली. त्या १९५१ साली गेल्या, सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. ती वही कुणी रद्दीत घातली असती तर? दोन्ही बहिणाबाई आपल्याला मिळाल्या त्या कुणीतरी जपलेल्या कागदांमुळं.

मग न जपलेल्या किती गेल्या असतील, या विचारानं मी अस्वस्थ होते. आपल्या बाभुळगाव तालुक्यात भादव्यापासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हटली जातात. म्हाताऱ्या बायकांना अजून जात्यावरच्या ओव्या येतात. त्या ओव्यांत सासर आहे, माहेर आहे, दुष्काळ आहे, भावाची वाट बघणं आहे, आणि कुणाला न सांगितलेला मारही आहे. जातं गेलं, गिरणी आली, आणि ओवी म्हणायची वेळच राहिली नाही. पुण्याकडं हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांत हिंडून बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. एक लाख! म्हणजे न लिहिलेलं बायकांचं धन केवढं असेल याचा अंदाज करा.

आमच्या गटातल्या सुनांना मी यंदा एक काम दिलंय. प्रत्येकीनं शंभर पानी वही आणायची आणि घरातल्या म्हातारीकडून येतील तेवढी गाणी त्यात उतरवायची. शब्द जसे कानावर येतील तसेच लिहायचे, शुद्ध करायला जायचं नाही. पानाच्या वर म्हातारीचं पूर्ण नाव घालायचं, माहेरच्या गावासकट. सुरुवातीला सगळ्या हसल्या. आमच्या बुढीचं काय लिहायचं, म्हणाल्या. आता दोघीतिघींच्या वह्या निम्म्या भरल्यात. एकीची सासू तर रात्री जेवणं झाली की स्वतःच हाक मारते, ये वं, आज दोन आठवल्या म्हणून. ज्या सासूशी बोलणं फक्त मीठ-मिरचीपुरतं होतं, तिच्या तोंडून या सुनेला तिचं तरुणपण कळतंय.

तुम्हीही हे करून बघा. मुलाच्या उरलेल्या वहीची कोरी पानंसुद्धा चालतील. जमलं तर शेवटची चार पानं स्वतःसाठी ठेवा आणि आपलं काय झालं, कसं झालं ते त्यात लिहा. कुणाला दाखवायची गरज नाही. लिहिताना फक्त एवढं सांभाळा, की पाय घसरला नसेल तर घसरला असं लिहायचं नाही. शिऊरची बहिणा लिहायला बसली, तेव्हा तिनं तरी हेच केलं होतं.